कुलूप लावण्याआधी ऐकून घ्या: मराठी मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे बिशप, पाळक, धर्मगुरू आणि पंचकमिट्यांचे सभासद यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

जानेवारीत १८ ते २५ तारखेला ऐक्याचा प्रार्थना सप्ताह येतो. गावोगाव एकत्र उपासना होतात. एका मंडळीचे पाळक प्रवचन करतात, दुसरीचं गायनपथक गीत म्हणतं, तिसरीच्या हॉलमध्ये चहा होतो. मला त्या उपासना मनापासून आवडतात. पण त्याच आठवड्यात आपल्यापैकी काही मंडळ्यांची धर्मादाय आयुक्तांकडे तारीख असते, आणि कुठे एकाच चर्चमधले दोन गट सकाळ-संध्याकाळ वेगवेगळी उपासना घेतात, तीही पोलीस बंदोबस्तात. हे कुठे चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे. नावं घेण्याची मला गरज वाटत नाही.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि रविवारी शब्बाथशाळा घेतली. मंडळी का फुटते, असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: शिकवण वेगळी झाली म्हणून. हे उत्तर अपुरं आहे. शिकवणुकीवरून मतभेद प्रत्येक पिढीत झाले आणि त्यातले बहुतेक मंडळीने पचवले. जिथे फूट पडली, तिथे बहुतेक वेळा एक दिवस असा आला की ज्यांच्या हातात अधिकार होता त्यांनी समोरच्याचं ऐकून घेतलं नाही. पुढे त्या न ऐकण्याच्या पाठीशी पैसा, जमीन किंवा सरकार उभं राहिलं आणि फूट कायमची झाली. हे तुमच्यापुढे मांडायचं आहे, कारण तो अधिकार आज तुमच्या हातात आहे.

सुरुवात नव्या करारापासूनच करते. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या मंडळीतलं हे भांडण शिकवणुकीचं नव्हतंच, अन्नवाटपाचं होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी तक्रार आली. बाराही प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे ठरवलं नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं आणि तुम्हीच माणसं निवडा म्हणून सांगितलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्या बाजूची तक्रार, तिच्याच हातात वाटप दिलं. हा अध्याय आपण डीकनच्या, म्हणजे मंडळीच्या सेवकाच्या, दीक्षेला वाचतो. पंचकमिटीच्या सभेतही तो वाचला जावा.

तीनशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला नेमकं उलट घडलं. ३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने पवित्र ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. काही बिशपांनी जिवाच्या भीतीने ग्रंथ शिपायांच्या हवाली केले, काहींनी ते न देता मरण पत्करलं. छळ संपल्यावर प्रश्न उभा राहिला: ज्यांनी ग्रंथ दिले त्यांच्या हातचा संस्कार धरायचा का? प्रश्न खरा होता, जखम ताजी होती. अशा वेळी कार्थेजच्या मंडळीने सिसिलियनला बिशप केलं ते घाईघाईने, शेजारच्या नुमिडिया प्रांताचे बिशप यायची वाट न पाहता. ते आले, चिडले, आणि त्यांनी आपला वेगळा बिशप केला. पुढे डोनॅटसच्या नावाने हा पंथ ओळखला गेला. याच गटाने आधी सम्राट कॉन्स्टंटाइनकडे दाद मागितली. ३१४ साली आर्ल्सच्या सभेत निकाल विरोधात गेला, तेव्हा राजाचा मंडळीशी काय संबंध, असं तेच विचारू लागले. शंभर वर्षांनी, ४११ साली, कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून पाचशेहून जास्त बिशप सम्राटाच्या अधिकाऱ्यासमोर बसले. मग दंड, जप्ती, सक्ती. आधी समजुतीने घेऊ म्हणणारे संत ऑगस्टीनसुद्धा अखेर सरकारी सक्तीच्या बाजूला गेले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे वाचताना वाईट वाटतं.

ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या वादावर भरलेली ४५१ ची खाल्किदोनची सभा आणि १०५४ ची पूर्व-पश्चिम फूट यांवर फार रेंगाळत नाही. खाल्किदोननंतर मिसर आणि सिरियाच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या, बादशाही बळाने त्यांना चेपलं गेलं. १९७३ साली रोमचे पोप सहावे पॉल आणि मिसरच्या कॉप्टिक मंडळीचे पोप तिसरे शेनूदा यांनी ख्रिस्ताविषयीचा समान विश्वास एकत्र सही करून जाहीर केला. मध्ये पंधराशे वर्षं गेली. १०५४ च्या जुलैमध्ये कार्डिनल हंबर्टने कॉन्स्टॅंटिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला, तेव्हा ज्या पोपच्या वतीने तो आला होता ते नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. त्या कागदाने सामान्य माणसाचं काही बदललं नव्हतं. खरी फूट १२०४ साली पडली, पश्चिमेच्या क्रुसेडरांनी तेच शहर लुटलं तेव्हा. लुटलेल्या माणसाला विश्वासांगीकारातल्या, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीतल्या, शब्दांचा वाद समजावून सांगत बसायची गरज उरत नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरविषयी आपल्या प्रॉटेस्टंट मुलांना दारावर ठोकलेले पंचाण्णव मुद्दे पाठ असतात. त्याच दिवशी, ३१ ऑक्टोबर १५१७ ला, त्यांनी माइन्त्सचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना नम्र पत्र लिहून ते मुद्दे पाठवले होते, हे फार जणांना सांगितलेलं नसतं. आल्ब्रेख्त उत्तर कसं देणार? आर्चबिशपपद मिळवण्यासाठी त्यांनी फुग्गर सावकाराकडून कर्ज काढलं होतं, आणि पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीतला अर्धा पैसा त्या कर्जफेडीला जात होता, अर्धा रोमच्या सेंट पीटरच्या बांधकामाला. त्यांनी पत्र रोमला धाडलं. पुढच्या वर्षी आउग्सबुर्गला कार्डिनल कायेतान यांना लूथरकडून एकच गोष्ट हवी होती: शब्द मागे घे. चर्चा हवी होती ती लूथरला.

पण आमची प्रॉटेस्टंटांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झुरिकचे सुधारक झ्विंग्ली भेटले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. राहिला एक, प्रभुभोजनाचा, आणि तेवढ्यावर भाऊ म्हणायचं राहून गेलं. त्याआधी दोन वर्षं, जानेवारी १५२७ मध्ये, झुरिकमध्ये फेलिक्स मांत्सला लिम्मात नदीत बुडवून मारलं. त्याचा गुन्हा एवढाच की मोठ्या वयात, समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा असं तो शिकवी. बुडवणारे सुधारणावादी नगराचे प्रॉटेस्टंट होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी ऐकून घ्या म्हणून टाहो फोडला, त्यांच्याच लोकांनी अधिकार हातात येताच ऐकायचं सोडलं.

आता आपल्या जवळ येते, कारण युरोपचं सगळं सांगितलं की आपले लोक, ते त्यांचं होतं, म्हणून मोकळे होतात.

केरळातले संत थोमाचे ख्रिस्ती पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतकं आधीचे. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस तिकडे गेले आणि उदयंपेरूरला धर्मसभा भरवून त्यांनी त्या मंडळीला रोमच्या चौकटीत बसवलं. सिरियाक भाषेतले जुने ग्रंथ तपासायला मागवून घेतले, पुष्कळ जाळले. लोकांनी तेही सोसलं, पन्नास वर्षं. १६५२ साली अहतल्ला नावाचे पूर्वेकडचे बिशप मैलापूरला उतरले. पोर्तुगीजांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि गोव्याला नेण्यासाठी जहाजावर चढवलं. जहाज कोचीनला लागलं तेव्हा किनाऱ्यावर लोक हजारोंनी जमले. मागणी साधी होती: त्यांना आम्हाला भेटू द्या, खरे की खोटे ते आम्ही तपासतो. भेटू दिलं नाही. जहाज गोव्याकडे निघून गेलं. त्यांना समुद्रात बुडवलं अशी अफवा पसरली. ३ जानेवारी १६५३ ला मट्टनचेरीला लोकांनी क्रूसाला दोरखंड बांधले, ज्यांचा हात क्रूसापर्यंत पोहोचत नव्हता त्यांनी दोर धरला, आणि या पाद्र्यांच्या सत्तेखाली राहणार नाही अशी शपथ घेतली.

एक भेट नाकारली. पुढे कुणी रोमकडे परतले, कुणी अंत्युखियाच्या सिरियन मंडळीशी जोडले गेले, एकोणिसाव्या शतकात मार थोमा मंडळी वेगळी झाली, विसाव्यात ऑर्थोडॉक्स आणि जेकबाइट असे तट पडले. त्या शेवटच्या तंट्याचा निकाल २०१७ साली सुप्रीम कोर्टाने दिला आणि चर्चं कुणाच्या ताब्यात जायची ते ठरलं. मग प्रेतं पुरायची कुठे यावरून वाद पेटला. आपल्या माणसाला बापजाद्यांच्या स्मशानभूमीत पुरता यावं म्हणून २०२० साली केरळ सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. ख्रिस्ती माणसाच्या दफनाचा हक्क ख्रिस्ती माणसांपासून राखायला कायदा! हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि मुंबई? कॅथलिक बंधूंनो, पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला धर्माश्रय, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमची थेट धर्मप्रसार संस्था, प्रोपगांडा, यांच्यातला तंटा तुम्हाला ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगते. १७२० साली ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून घालवलं आणि चर्चं रोमच्या कार्मेलाइटांना दिली. पुढे कंपनीने निर्णय फिरवले आणि १७९४ साली चर्चं दोघांत वाटून टाकली. एकच मिस्सा, एकच विश्वासांगीकार, एकच पोप, आणि एकाच शहरात दोन बिशपांचे दोन कारभार. शिकवणुकीचा तिळमात्र फरक नव्हता. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये प्रोपगांडाचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत बसले, शिधा भरून घेतला, चर्च सोडण्यापेक्षा हुतात्मा होईन म्हणाले. पाद्रोआदोवाल्यांनी बाहेरून वेढा घातला. पंधरा दिवस! अखेर इंग्रज सरकारने येऊन दार उघडलं. आत कॅथलिक, बाहेर कॅथलिक, आणि मध्ये कुलूप. हा दुहेरी कारभार १९२८ पर्यंत राहिला.

माहीमच्या त्या दाराकडे पाहून मला आजच्या आपल्या चर्चांची दारं आठवतात. चाव्या कुणाकडे, यावरून आपण फुटतो. विश्वासांगीकार कुणी काढतसुद्धा नाही.

प्रॉटेस्टंटांचं तर विचारूच नका. स्कॉटलंडमध्ये पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, यावर वाद होता. जमीनदार आपला माणूस मंडळीच्या माथी मारू शके. मंडळीने नाकारलं तर कोर्ट जमीनदाराच्या बाजूने उभं राही. १८ मे १८४३ ला एडिंबरोत सभा सोडून पाळक बाहेर पडले. चारशेहून जास्त पाळकांनी घर, पगार, चर्च सगळं सोडलं आणि फ्री चर्च उभं केलं. त्यांच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण त्याचा धक्का इथे येऊन पोहोचला. स्कॉटिश मिशनचे हिंदुस्थानातले सगळे मिशनरी नव्या बाजूला गेले. मुंबईचे जॉन विल्सन गेले, कलकत्त्याचे डफही गेले, आणि डफना आपल्या संस्थेची इमारत सोडावी लागली. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, जात तुटली. ज्या स्कॉटिश जमीनदाराचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं त्याच्या भांडणाचं नाव त्याच्या नव्या मंडळीला लागलं. पुढे जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ते हेच. आणि जमीनदारांचा तो हक्क? १८७४ साली पार्लमेंटने रद्द केला. मागणी मान्य व्हायला एकतीस वर्षं लागली, मंडळ्या पुन्हा एक व्हायला १९२९ उजाडलं. ऐकून घ्यायचं ते आधीच घेतलं असतं तर?

मग आपल्याकडे मिशनांनी जिल्हे वाटून घेतले. नगरला अमेरिकन मराठी मिशन, बुलढाण्याला नाझरीन, अकोल्याकडे अलायन्स, नागपूर-जालन्याला स्कॉटिश. तुम्ही कुठल्या पंथाचे हे तुमच्या आजोबांचं गाव कुठल्या तालुक्यात होतं यावर ठरलं. यात आजोबांचा काय दोष? म्हणूनच १९१९ च्या मे महिन्यात तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला बिशप अझरायांसह तेहेतीस जण जमले, बहुतेक भारतीय, आणि त्यांनी जाहीर सांगितलं की हे भेद आम्ही केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले आणि आम्हाला ते पुढे चालवायचे नाहीत. त्यातून १९४७ साली दक्षिण भारताची मंडळी आणि २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात, उत्तर भारताची मंडळी उभी राहिली. सहा परंपरा एक झाल्या. नागपूरचा तो दिवस मराठी मंडळ्यांच्या इतिहासातला मोठा दिवस आहे. शब्बाथशाळेतल्या मुलांना त्याची तारीखही माहीत नसते, हे मला टोचतं.

आपल्या मराठी माणसांनी या बाबतीत फार आधी वाट दाखवली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच मठातल्या भगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. एका पुरोहितवर्गाचं जू झुगारलं ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नव्हे, असं त्यांनी बजावलं. पण त्यांनी वेगळा पंथ काढला नाही. केडगावला मुक्ती उभारली, तिथे पंथाची पाटी विचारली जात नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका छताखाली यावेत, ही त्यांची आस होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे अभंग आपण दर रविवारी गातो, दरबाराचं मात्र कुणी बोलत नाही.

एक फूट मात्र कुठल्या मिशनने बोटीतून आणलेली नाही, ती आपली स्वतःची आहे. महार समाजातून आलेले आणि मातंग समाजातून आलेले, ब्राह्मण घरातून आलेले आणि इतर, हा हिशेब आजही सोयरीक जुळवताना होतो, पंचांच्या निवडणुकीत पॅनेल बांधताना होतो. गोव्यात चर्चच्या कुठल्या कोन्फ्रारियात, म्हणजे बंधुसंघात, कुणी बसायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरत आलं. कुणी शिकवणुकीवरून वेगळं झालं तर निदान त्याची बाजू ऐकता येते. जातीवरून डावललेल्या माणसाचं आपण ऐकतच नाही, कारण तसं काही नाहीच असं आपण धरून चालतो. यरुशलेमच्या त्या विधवांची तक्रार नेमकी हीच होती.

मला मतभेद नको आहेत असं नाही. लूथरचा प्रश्न खरा होता, मांत्सचा होता, मट्टनचेरीच्या लोकांचाही होता. मतभेद झाकून ठेवलेली मंडळी मला नको. तेव्हा मागते आहे ते एवढंच.

कुणाही सभासदाचं किंवा गटाचं नाव यादीतून कमी करण्याआधी, पाळकाला निलंबित करण्याआधी, त्याचं म्हणणं मंडळीसमोर ऐकून घ्या. त्या वेळी दुसऱ्या पंथाचा एक वडील माणूस साक्षीला बसवा. जे बोललं गेलं ते लिहून पुढच्या रविवारी वाचून दाखवा. चर्चची जमीन भाड्याने द्यायची, विकसकाला द्यायची, तर करार सहीआधी सगळ्या मंडळीला वाचून दाखवा, सहीनंतर नाही. आपली निम्मी भांडणं या एका कागदापाशी सुरू होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कोर्टात जायची वेळ आलीच, तर आधी सहा महिने दोन्ही गटांनी एकाच वेळी, एकाच छताखाली उपासना करावी आणि प्रभुभोजन एकत्र घ्यावं. सहा महिन्यांनंतरही जायचं असेल तर जावं.

आणि येत्या ऐक्य सप्ताहात प्रत्येक मंडळीने दुसऱ्याची नव्हे, आपली चूक वाचावी. कॅथलिकांनी आल्ब्रेख्तची आणि माहीमची, आम्ही प्रॉटेस्टंटांनी लिम्मात नदीची, आणि सगळ्यांनी मिळून जातीची. ते वाचायचं काम दृढीकरणाच्या वर्गातल्या मुला-मुलींना द्या. ती नीट वाचतात, मी त्यांना शिकवलंय.

हे पत्र पुढच्या पंचकमिटीच्या विषयपत्रिकेवर घ्यावं ही विनंती. त्याला विरोध असणाऱ्यांना आधी बोलू द्यावं.

आपली ख्रिस्तातली भगिनी,
नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीची सभासद